गड्डा नसलेला सलगम

न्यूझीलंडमध्ये सप्टेंबर लागला की थंडी ओसरते आणि रस्त्यांच्या कडा, नदीकाठचे उघडे उतार, शेतांचे बांध पिवळे व्हायला लागतात. त्या पिवळेपणात बऱ्याच झाडांचा वाटा असतो. त्यांतलंच एक गुडघ्याएवढं, कधी कमरेएवढं वाढतं. त्याला फांद्या भरपूर आणि चार पाकळ्यांच्या फुलांचे तुरे असतात. तिथल्या तणांच्या पुस्तकांत त्याचं नाव ‘वाइल्ड टर्निप’, म्हणजे रानसलगम. नाव ऐकल्यावर पहिला मोह होतो तो रोप उपटून पाहण्याचा. उपटलं की कळतं, खाली सलगम नाहीच. पांढरट, चिवट, पेन्सिलीहून बारीक असं सोटमूळ तेवढं हातात येतं.

आणि तरीही हा सलगमच आहे. नातेवाईक नव्हे, चुलतभाऊ नव्हे, तीच जात. शास्त्रीय नाव ब्रासिका रापा. भाजीबाजारातला जांभळ्या डोक्याचा सलगमही ब्रासिका रापाच. चायनीज कॅबेज, पाक चोय, जपानी सॅलडमधली कातरलेल्या पानांची मिझुना, उत्तर भारतातली तोरिया आणि पिवळी सरसों, ही सगळी याच एका जातीची रूपं आहेत. एकाचे परागकण दुसऱ्याच्या फुलावर पडले तर बी धरतं आणि त्या बीजातून उगवलेलं रोपही पुढे बी धरतं. ताटातल्या या सगळ्या भाज्या आणि रस्त्याकडेचं ते तण यांच्यात निसर्गाने कुंपण घातलेलंच नाही.

मग गड्डा कुठे गेला? खरं तर प्रश्न उलटा विचारायला हवा: गड्डा आला कुठून? सलगमचा गड्डा म्हणजे निव्वळ मूळ नव्हे. बी रुजल्यावर जी दोन पहिली पानं येतात, त्यांच्या खालचा आणि मुळाच्या वरचा खोडाचा आखूड तुकडा फुगतो आणि त्याला मुळाचा वरचा भाग येऊन मिळतो. पहिल्या वर्षी रोप त्यात अन्न साठवतं आणि दुसऱ्या वर्षी, थंडी खाऊन झाल्यावर, तो सगळा साठा खर्चून फुलोरा उभा करतं. हा साठा मोठा व्हावा, फुलोरा उशिरा यावा, गड्डा गोड आणि मऊ राहावा, ही माणसाची इच्छा. शेकडो पिढ्या शेतकऱ्यांनी जाड गड्ड्याचीच रोपं बियाण्यासाठी राखली. रस्त्याकडेला अशी निवड करणारं कोणी नसतं. तिथे ज्याचं बी लवकर पिकून जमिनीवर पडतं ते टिकतं. बारीक मुळाचं, घाईघाईने फुलणारं रोप तिथे जिंकतं.

भाजी आणि तण एकच आहेत हे खुद्द शास्त्रज्ञांच्याही लवकर लक्षात आलं नव्हतं. कार्ल लिनेअसने १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लांटारम’ लिहिताना दोघांना वेगवेगळं बसवलं. गड्डेवाला सलगम ब्रासिका रापा आणि शेतातलं बारीक मुळाचं तण ब्रासिका कॅम्पेस्ट्रिस. पुढे १८३३ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योहान मेट्झगर याने दोन्ही एक जात मानून ‘रापा’ हे नाव कायम केलं. लिनेअससारख्या जबर नजरेच्या माणसालाही हे झाड दोन वाटावं, यातच त्याला ओळखणं किती कठीण आहे ते दिसतं.

तरी ते ओळखता येतं. भिंग असेल तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. पाहायचं कुठे ते मात्र माहीत हवं, कारण फुलाचा रंग आणि चार पाकळ्यांची फुली या गोष्टी मोहरी कुळातल्या शेकडो जातींमध्ये सारख्याच असतात. आत सहा पुंकेसर, चार लांब आणि दोन आखूड. हेही सगळ्या कुळाचं लक्षण. त्यावरून कूळ कळतं, जात कळत नाही.

एक फुलोरा हलकेच वाकवून त्याचा शेंडा डोळ्यांच्या रेषेत आणा आणि बाजूने पाहा. रानसलगमात नुकती उमललेली फुलं सगळ्यांत वर असतात आणि मिटलेल्या हिरवट कळ्यांचा झुबका त्यांच्या मधोमध, त्यांच्याच उंचीवर किंवा थोडा खाली दडलेला असतो. वरून पाहिलं तर पिवळ्या कड्यात हिरवा ठिपका दिसतो. असं होतं कारण उमलणाऱ्या फुलांचे देठ झपाट्याने लांबतात आणि मधला दांडा त्या मानाने मागे राहतो. ज्याच्या बियांपासून कनोला तेल काढतात त्या रेपसीडमध्ये, म्हणजे ब्रासिका नॅपसमध्ये, नेमकं उलट घडतं. दांडा आधी वर सरकतो, कळ्या फुलांच्या डोक्यावर उभ्या राहतात. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन पिवळ्या झाडांना वेगळं करायला एवढी एक खूण बऱ्याचदा पुरते. मला या खुणेचं फार अप्रूप वाटतं. जातीची ओळख इथे रंगरूपात नाही, वाढीच्या वेळापत्रकात आहे. कोण आधी लांबतं, देठ की दांडा, इतक्यावर सगळं ठरतं.

आता बोट खोडावरून खाली सरकवा. वरच्या पानांना देठ नसतो. पानाचा तळ दोन गोलसर कानांसारखा रुंद होतो आणि ते कान खोडाला दोन्ही बाजूंनी पूर्ण वेढतात. पान जणू खोडाने मधून भोसकलंय असं वाटतं. रेपसीडची पानंही खोडाला धरतात, पण अर्धवट. रानसलगमची वरची पानं गुळगुळीत असतात आणि त्यांच्यावर मेणाचा पातळ थर असल्याने त्यांना निळसर झाक येते. अंगठ्याने घासलं की तो थर पुसला जातो आणि खालचा खरा हिरवा रंग उघडा पडतो. मग अगदी तळाची पानं पाहा. ती झाड फुलेपर्यंत बऱ्याचदा वाळून गेलेली असतात, म्हणून शोधावी लागतात. ती निळसर नसतात, गवती हिरवी असतात. दोन्ही कडांना खोल कातरलेली, टोकाचा एक भाग मोठा, आणि हाताला खरखरीत लागणारी, ताठ केसांची. एकाच झाडावर वर गुळगुळीत निळसर आणि खाली केसाळ हिरवी अशी दोन तऱ्हेची पानं, हे ब्रासिका रापाचं फार भरवशाचं लक्षण आहे. रेपसीडची खालची पानंही निळसरच असतात.

शेंग बारीक, उभट, साधारण चार ते सात सेंटिमीटर लांब. तिच्या टोकाला एक निमुळती चोच असते आणि त्या चोचीत सहसा बी नसतं. शेंग पिकली की दोन सालपटं खालून सुटून वर उचलली जातात, गळून पडतात आणि मधला कागदासारखा पातळ पडदा चौकटीसकट देठावर तसाच उभा राहतो. बिया त्या पडद्याच्या दोन्ही अंगांना लागलेल्या असतात. गोल, तपकिरी ते काळपट, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या.

शेजारपाजारचे तोतये याच खुणांवर गळतात. चारलॉक, म्हणजे सिनॅपिस आर्व्हेन्सिस, हेही शेतातलं जुनं पिवळं तण; पण त्याची वरची पानं खोडाला वेढत नाहीत आणि फुलाखालची चार हिरवी दलं आडवी पसरलेली असतात. रानमुळ्याच्या फिकट पाकळ्यांवर गडद शिरा दिसतात, आणि त्याची शेंग उकलतच नाही. ती मण्यांच्या माळेसारखी आवळलेली असते आणि पिकल्यावर एकेका बीचे तुकडे होऊन मोडते. काळ्या मोहरीच्या आखूड शेंगा दांड्याला चिकटून उभ्या राहतात, आणि तिच्या सगळ्या पानांना देठ असतो.

अडचण एवढीच की या बहुतेक खुणा झाड फुलल्यावर दिसतात, आणि शेतकऱ्याला ते दोन पानांचं असतानाच ओळखायचं असतं. तेव्हा सगळ्यांची पहिली दोन पानं हृदयाच्या आकाराची, टोकाला खाच असलेली, हुबेहूब एकमेकांसारखी. त्यानंतर येणारं पहिलं खरं पान केसाळ आहे की गुळगुळीत, एवढाच धागा हाती उरतो. कोबी आणि रेपसीडच्या पिकात उगवलेलं केसाळ रोप त्यामुळे पकडता येतं. पण पीकच सलगमचं असेल तर? तेव्हा पीक आणि तण यांची पानं एक, बी एक, जात एक. चाळणीने वेगळं होत नाही, आणि जे तणनाशक तण मारेल ते पीकही मारेल. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर हिवाळी चारा म्हणून मेंढ्यांना आणि गाईंना सलगमची शेतंच्या शेतं चरायला सोडतात, आणि कँटरबरीच्या मैदानात या कुळातल्या भाज्यांचं बियाणं पिकवलं जातं. तिथे हे साम्य फार महागात पडतं. बीजोत्पादनाच्या शेताशेजारी रानसलगम फुलला की मधमाशा त्याचे पराग खुशाल पिकावर नेऊन टाकतात.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. ऑस्ट्रेलियात ‘वाइल्ड टर्निप’ म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा दुसरंच झाड येतं: ब्रासिका टूर्नफोर्टाय. ते भूमध्य समुद्राच्या कोरड्या किनाऱ्यांवरचं आहे. फुलं लहान आणि फिकट, पानांचा मोठा केसाळ चक्राकार झुबका जमिनीलगत, आणि खोडावरची पानं इतकी लहान की खोड जवळजवळ उघडंच. वरच्या पानांचे कान पाहिले की दोघांचा घोळ उरत नाही, कारण टूर्नफोर्टायला ते नसतातच.

परक्या मुलखातून आलेलं झाड केव्हा तिथलं झालं म्हणायचं? वनस्पतिशास्त्रज्ञांची कसोटी साधी आहे. कोणी न पेरता, कोणी न राखता, ते स्वतःच्या बियांवर पिढ्यानपिढ्या टिकलं पाहिजे. बागेतून निसटलेलं एखादं रोप उकिरड्यावर फुललं म्हणजे ते रुळलं असं होत नाही. ब्रासिका रापाच्या बाबतीत तर हे आणखी अवघड आहे, कारण ते सहसा स्वतःचे परागकण स्वीकारत नाही. परागकणाच्या अंगावर एक प्रथिन असतं आणि फुलाच्या स्त्रीभागावर त्याला ओळखणारं दुसरं. दोन्ही एकाच वाणाची निघाली की त्या परागकणाला आत शिरू दिलं जात नाही. म्हणजे एकटं रोप फुलून फुलून बहुतेक वांझच राहतं. रुळायचं तर सोबती हवेत, आणि त्यांच्यात फिरणारे कीटक हवेत.

न्यूझीलंडमध्ये सोबती पोचले त्याची एक तारीख आपल्याला सांगता येते. १७७३ साली जेम्स कुकच्या दुसऱ्या सफरीतली ‘रेझोल्यूशन’ आणि ‘अॅडव्हेंचर’ ही जहाजं दक्षिण बेटाच्या टोकाला क्वीन शार्लट साउंडमध्ये नांगरून होती. माओरी लोक त्या खाडीला तोतारानुई म्हणत. खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून कुक ताज्या पाल्यामागे सतत असे, आणि पुढच्या जहाजांना भाजी मिळावी म्हणून त्याने आणि त्याच्या माणसांनी तिथे वाफे करून कोबी, गाजर, कांदा, मुळा आणि सलगम पेरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते परतले तेव्हा वाटाणे आणि घेवडे उंदरांनी फस्त केले होते, आणि मुळा नि सलगम फुलून बियांवर आले होते. खाणाऱ्याच्या दृष्टीने ती भाजी वाया गेली होती, पण जातीच्या दृष्टीने तिथेच तिचं पाऊल रोवलं गेलं. माओरी लोकांनी हा नवा पाला स्वयंपाकात घेतला; कोराऊ आणि नानी ही त्याची तिथली नावं. आजचं प्रत्येक रोप कुकच्या वाफ्यातलं आहे असं अर्थातच कोणी म्हणू नये. पुढे आलेल्या वसाहतवाल्यांनी चाऱ्यासाठी पोत्यांनी सलगम पेरला, इतर बियाण्यांत मिसळूनही तो आला, आणि या सगळ्या लाटा एकमेकींत मिसळून गेल्या.

म्हणजे न्यूझीलंडचा रानसलगम मुळात रानातला नाही. तो शेतातून पळालेला आहे. मग खरा रानटी सलगम कुठे आहे? हा प्रश्न दिसतो त्याहून फार अवघड होता, कारण युरोपपासून अमेरिकेपर्यंत जिथे जिथे हे पिवळं तण होतं, तिथे तिथे शेजारी पीकही होतं. पूर्वज कोणता आणि पळालेला वंशज कोणता, हे नुसतं पाहून ठरत नव्हतं. दोघेही बारीक मुळाचे, दोघेही घाईने फुलणारे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या चारशेहून अधिक नमुन्यांची जनुकं ताडून पाहिली गेली. निष्कर्ष असा निघाला की जगातली बहुतेक ‘रानटी’ रोपं पिकांतून निसटलेलीच आहेत. युरोप आणि आशियाच्या सीमेवरच्या कॉकेशस पर्वतराजीत वाढणारं तण मात्र खराखुरा रानवंश असण्याची शक्यता मोठी आहे. माणसाने ही जात प्रथम हाताशी धरली ती मध्य आशियात, हिंदुकुशच्या आसपास, साधारण साडेतीन ते सहा हजार वर्षांपूर्वी, आणि पहिलं पीक बहुधा सलगमच होतं. पाक चोय आणि चायनीज कॅबेजसारखी पूर्वेकडची पालेभाज्यांची रूपं त्यानंतरची.

एका जातीतून इतकी रूपं कशी निघाली? २०११ मध्ये चायनीज कॅबेजच्या एका वाणाचा सगळा जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यात सुमारे ४१ हजार जनुकं मोजली गेली. माणसाची साधारण वीस हजार आहेत. याचं कारण फार जुनं आहे. कोटी-दोन कोटी वर्षांपूर्वी ब्रासिकाच्या एका पूर्वजात संपूर्ण जनुकसंच तिप्पट झाला. पुढे बऱ्याच जादा प्रती झडल्या, पण बऱ्याच उरल्याही. एका कामाला तीन-तीन प्रती असल्या की एक मूळ काम करत राहते आणि बाकीच्यांना भरकटायला मोकळीक मिळते. कुठे पानं दाट होतात, कुठे देठ जाड, कुठे खोडाचा तो आखूड तुकडा फुगतो. सलगमचा गड्डा त्या मोकळीकीतून आला, आणि रस्त्याकडेला तो सोडून देणंही तितकंच सोपं गेलं.

ही जात किती झपाट्याने बदलू शकते, ते कॅलिफोर्नियाने दाखवून दिलं. तिथेही हे तण रुळलेलं आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात २००० ते २००४ असा सलग दुष्काळ पडला. स्टीव्हन फ्रँक्स, शीना सिम आणि आर्थर वाइस या संशोधकांच्या हाती तिथल्या दोन ठिकाणांवरून १९९७ मध्ये गोळा केलेलं बी होतं. २००४ मध्ये त्यांनी तिथूनच पुन्हा बी गोळा केलं आणि आजोबा-पणजोबा आणि नातवंडं-पतवंडं एकाच वेळी, एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढवली. दुष्काळानंतरच्या वंशजांना फुलं लवकर आली: एका ठिकाणच्या वंशात सरासरी १.९ दिवस आधी, दुसऱ्या ठिकाणच्या वंशात तब्बल ८.६ दिवस आधी. पाऊस लवकर थांबत होता, तेव्हा लवकर फुलणाऱ्यांचंच बी मागे राहिलं. जुन्या आणि नव्यांचा संकर केला तर त्याची फुलं मधल्या वेळी आली. बदल जनुकांत उतरला होता. उत्क्रांती म्हटलं की आपण लाखो वर्षांचे हिशेब मांडतो. इथे ती उणीपुरी सात वर्षांत, शहराशेजारच्या तणात झाली, आणि पूर्वजांचं बी कपाटात होतं म्हणून मोजताही आली.

झ्युरिक विद्यापीठात डॅनिएल जर्वासी आणि फ्लोरियन शीस्टल यांनी याच जातीची झटपट वाढणारी रोपं घेतली. विस्कॉन्सिनच्या पॉल विल्यम्स यांनी शाळांसाठी आणि प्रयोगशाळांसाठी तयार केलेला हा वाण बीपासून बीपर्यंतचा प्रवास सुमारे चाळीस दिवसांत उरकतो. काही रोपांचं परागण फक्त बंबलबींकडून होऊ दिलं, काहींचं फक्त हॉवरफ्लाय माशांकडून. नऊ पिढ्या हे चाललं. बंबलबींनी निवडलेली रोपं उंच आणि जास्त सुवासिक झाली. माशांच्या वाट्याची रोपं ठेंगणी राहिली, वास कमी झाला, आणि माशा परागणात कमी पडत असल्याने ती स्वतःच्या परागांवर बी धरू लागली. परक्याशिवाय फळायचं नाही हा जातीचा नियम नऊ पिढ्यांत सैल झाला. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हापासून मला रस्त्याकडेच्या कुठल्याही पिवळ्या फुलाकडे नुसतं फूल म्हणून पाहता आलेलं नाही. आपल्याला त्या पाकळ्या एकसारख्या पिवळ्या दिसतात, पण अतिनील प्रकाश पाहू शकणाऱ्या मधमाशीला त्यांच्या मध्यावर गडद वर्तुळ आणि कडेने उजळ कडं दिसतं. तिच्यासाठी तिथे नेमबाजीचं लक्ष्य रंगवलेलं असतं.

पानांमध्येही तितकंच काही घडत असतं. मोहरीचा झणका झाडात तयार ठेवलेला नसतो. एका पेशीत गंधकाची संयुगं, दुसऱ्या पेशीत त्यांना फोडणारं विकर, असं दोघांना वेगळं ठेवलेलं असतं. पानाचा चावा घेतला, पेशी फुटल्या, दोन्ही एकत्र आलं की तिखट मोहरी-तेल तयार होतं. विड्यात चुना आणि कात निरनिराळ्या डब्यांतून येतात आणि चावल्यावरच तोंड रंगतं, तसं. बहुतेक किडे त्याने पळतात. कोबीवरचं पांढरं फुलपाखरू, पिएरिस रापी, मात्र त्याच वासाच्या मागावर येऊन अंडी घालतं. त्याच्या अळीच्या आतड्यात एक प्रथिन आहे, जे या रासायनिक क्रियेला तिखट तेलाऐवजी कमी विषारी वाटेने वळवतं. १७७३ मध्ये सलगम न्यूझीलंडला पोचला तेव्हा हा शत्रू त्याच्या मागोमाग आला नव्हता. फुलपाखरू तिथे १९३० मध्ये नेपियर बंदराजवळ दिसलं. दीडशेहून अधिक वर्षं हे तण त्या देशात आपल्या या जुन्या वैऱ्याविना वाढलं.

इंग्लंडमध्ये रानसलगमचं आवडतं ठिकाण नद्यांचे आणि कालव्यांचे काठ. थेम्सकाठी तो भरपूर आहे. काठाला लागून रेपसीडची शेतं असतात आणि दोघांचा संकर होतो. माइक विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अंदाज मांडला की ब्रिटनमध्ये नदीकाठच्या वस्त्यांत दरवर्षी सुमारे ३२ हजार असे संकर तयार होत असतील आणि शेतांतल्या तणांत आणखी १७ हजार. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तर सुझन वॉरविक यांच्या गटाला तणनाशकाला दाद न देणारं, प्रयोगशाळेत घातलेलं जनुक रेपसीडमधून रानसलगमात गेलेलं आढळलं. तणनाशक फवारलं जात नसतानाही ते त्या वस्तीत सहा वर्षं टिकून राहिलं. शेताच्या बांधावरचं झाड रानसलगम आहे की रेपसीड की दोघांचा संकर, हे सांगता येण्याला म्हणून फार मोल आहे. संकराला उमललेली फुलं आणि कळ्या यांची पातळी मधलीच कुठेतरी असते, शेंगांत बी विरळ धरतं, आणि खात्री करायची तर सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजावी लागतात. रानसलगमची २०, रेपसीडची ३८, संकराची २९.

हे आकडे ज्याने जुळवून दाखवले त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वू जांग-चुन, जपानी नाव नागाहारू ऊ, १८९८ मध्ये टोकियोत जन्मलेला. वडील कोरियन, आई जपानी. तोशितारो मोरिनागा यांनी आधी या कुळातल्या संकरांच्या पेशी पाहिल्या होत्या. रेपसीड आणि सलगम यांच्या संकरात गुणसूत्रांच्या दहा जोड्या जमतात आणि नऊ एकटी उरतात. दहा म्हणजे सलगमची, मग ही उरलेली नऊ कोणाची? कोबीचा एक संच नऊचाच असतो. १९३५ मध्ये वू यांनी कोबी आणि ब्रासिका रापा यांचा संकर करून प्रत्यक्ष रेपसीड घडवूनच दाखवलं, आणि ब्रासिकाच्या मुख्य पिकांचा हिशेब एका त्रिकोणात मांडला (त्यातले आकडे पेशीतल्या एकूण गुणसूत्रांच्या निम्मे आहेत). तीन कोपऱ्यांवर तीन मूळ जाती: काळी मोहरी ८, कोबी ९, सलगम १०. तीन बाजूंवर त्यांच्या जोड्यांतून झालेल्या तीन जाती: इथिओपियन मोहरी १७, रेपसीड १९, आणि १८ची तिसरी.

ही तिसरी आपल्या फोडणीतली. महाराष्ट्रात किराणा दुकानातून येणारी मोहरी बहुतेक ब्रासिका जुन्सिया असते. तिच्या प्रत्येक पेशीत एक पूर्ण जनुकसंच काळ्या मोहरीचा आणि एक पूर्ण जनुकसंच सलगमच्या जातीचा असतो. कढईत तडतडणाऱ्या प्रत्येक दाण्यात ब्रासिका रापा निम्मा आहे. ज्याने आयुष्यात सलगमची भाजी चाखली नाही, त्यानेही त्याची जनुकं रोज खाल्ली आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डब्यातली चिमूटभर मोहरी कुंडीत पेरून पाहावी. ती हमखास उगवते आणि दीड-दोन महिन्यांत फुलते. मग वर सांगितलेल्या खुणा एकेक करून तपासता येतात: चार पाकळ्यांची फुली, चार लांब आणि दोन आखूड पुंकेसर, चोच असलेली शेंग, मागे उरणारा कागदी पडदा. आणि मुख्य म्हणजे वरच्या पानाचा तळ बघावा. तिथे आखूड देठ दिसतो, खोडाला वेढणारे कान दिसत नाहीत. सलगमची ती खूण मोहरीत उतरलेली नाही. पानाच्या बाबतीत ती आपल्या दुसऱ्या पालकावर, काळ्या मोहरीवर गेली आहे. त्याच सलगमची कोबीपासून झालेली संतती, रेपसीड, हिच्या पानांनी मात्र खोड निम्मं का होईना धरून ठेवलं आहे.